गाजावाजा आणि गाणे

यंदाच्या जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी आमच्या देवस्थानचे एक वयोवृद्ध महाजन माझ्या कचेरीत आले. खुर्चीवर बसण्यापूर्वीच त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. कोणा वृत्तवाहिनीने जत्रेतील कार्यक्रमाचा जेमतेम वीस-बावीस सेकंदांचा तुकडा दाखविला होता आणि देवाच्या दारात अश्लील रॅप झाल्याचा मथळा मोठ्या अक्षरांत त्यावर चढविला होता. रात्री नाटकाला आरंभ होण्यापूर्वी गावातल्याच तीन मुलांनी रंगमंचावर हे रॅप म्हटले होते. "वकीलबाब, आजच्या आज नोटीस काढा," महाजन म्हणाले. मी विचारले, "आपण पूर्ण गाणे ऐकलेत काय?" ते म्हणाले, "ऐकवले तेवढे पुरे झाले."

त्यांचा संताप खोटा नव्हता. ज्या मंडपात आपण लहानपणी कीर्तन ऐकले, त्याच्या शेजारी अपशब्द उच्चारला गेला, हे दुःख मला कळते. परंतु "ऐकवले तेवढे पुरे झाले" हे त्यांचे वाक्य ऐकताच अमेरिकेतील एक जुना खटला मला आठवला. त्या खटल्यातही एका प्रांतातले गाणे होते, संतापलेली सभ्य माणसे होती, वृत्तपत्रे होती आणि पोलिस होते. गाजावाजा गाण्याला प्रसिद्धी देतो ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तो गाण्यातले काय झाकून टाकतो, इकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या खटल्याचा इतिहास सांगण्याचे प्रयोजन एवढेच आहे.

प्रथम रॅप म्हणजे काय ते पाहू. आमच्या पुष्कळ वाचकांस तो नातवंडांच्या खोलीतून येणारा गोंगाट वाटतो. वस्तुतः ते तालावर, झपाट्याने म्हटलेले यमकबद्ध पद्य होय. त्यात सुराला स्थान थोडे. सारा भर शब्दांवर आणि लयीवर. आख्यान रंगात आले म्हणजे कीर्तनकार झांजेच्या ठेक्यावर शब्दांची जी फेक करतो, किंवा शाहीर पोवाड्यात जो दम धरतो, त्याची ज्यास ओळख आहे त्यास रॅपची रचना सर्वस्वी परकी वाटू नये. त्यांचे नाते वंशाचे नव्हे, प्रकृतीचे आहे.

या प्रकाराचा जन्मदिवस ११ ऑगस्ट १९७३ हा मानतात. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातील एका इमारतीत, जमैकाहून आलेल्या कुटुंबातल्या एका तरुणाने आपल्या बहिणीच्या समारंभात तबकड्या वाजविल्या. डीजे कूल हर्क या नावाने तो पुढे प्रसिद्धीस आला. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी निघाली आणि गल्लीतला हा खेळ बाजारात आला. त्यानंतर कित्येक वर्षे रॅप म्हणजे न्यूयॉर्क, असे समीकरण होते. त्याची कारणे केवळ कलेची नव्हती. तबकड्यांच्या मोठ्या कंपन्या तेथे होत्या, समीक्षक तेथे होते. १९८८ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी पत्रक म्हणून सुरू केलेले 'द सोर्स' हे रॅपला वाहिलेले नियतकालिक थोड्याच वर्षांत न्यूयॉर्कला गेले. त्याच वर्षी एमटीव्ही या दूरचित्रवाहिनीवर रॅपचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. न्यूयॉर्कबाहेर जे कोणी रॅप म्हणत, ते 'प्रादेशिक' ठरले.

पणजी, बेळगाव, इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथील मराठी माणसास ही व्यवस्था अधिक उकलून सांगण्याचे कारण नाही. पुण्यामुंबईच्या अंकांत नाव छापून येईपर्यंत आपल्याकडचा लेखक 'तिकडचा' असतो, आणि छापून आले की एकाएकी 'आपला' होतो. केंद्रस्थानी असलेल्या वृत्तपत्रांची उपेक्षा हीसुद्धा त्यांच्या सत्तेचाच एक प्रकार आहे. गाजावाजा आणि मौन ही एकाच हाताची दोन कामे होत.

अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, फ्लोरिडा राज्यातील मायामी शहरात, १९८० नंतरच्या दशकात रॅपचा एक निराळाच प्रकार वाढीस लागला. त्याला 'मायामी बास' म्हणतात. बास म्हणजे खर्जातला, छातीत घुमणारा नाद. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० ते १९८३ या काळात टीआर-८०८ नावाचे तालयंत्र काढले होते. खऱ्या ढोलासारखा आवाज त्यातून निघत नाही म्हणून बड्या वादकांनी ते फारसे उचलले नाही. परंतु त्यातला खोल, लांबत जाणारा ठोका मायामीच्या तरुणांनी हेरला. त्या शहरात जमैका, बहामा, हैती, क्यूबा येथून आलेल्या लोकांच्या वस्त्या आहेत. मोकळ्या मैदानात ध्वनिक्षेपकांची भिंत उभारून रात्रभर नाचण्याची चाल त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्याबरोबर आणली होती. मायामी बास जन्मास आले ते या मैदानांत, चाकांचे बूट घालून नाचण्याच्या दिवाणखान्यांत आणि मागच्या बाजूस प्रचंड कर्णे बसविलेल्या मोटारींत. त्यात शब्द होते, पण ते गौण होते. मोटार आली हे ती दिसण्यापूर्वी पायाखालच्या जमिनीला कळले पाहिजे, हे त्या संगीताचे ध्येय होते.

मायामीच्या लिबर्टी सिटी या कृष्णवर्णीय वस्तीतला ल्यूथर कॅम्पबेल हा अशाच मैदानी नाचांचा आयोजक. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे जमलेल्या 'टू लाइव्ह क्रू' या रॅप-मंडळीला त्याने मायामीस आणले, तो स्वतः त्या मंडळीत सामील झाला आणि तबकड्या काढण्यासाठी त्याने स्वतःची कंपनी उभारली. न्यूयॉर्कने विचारले नाही म्हणून त्याने न्यूयॉर्कची वाटही पाहिली नाही. १९८९ साली या मंडळीचा 'ॲज नॅस्टी ॲज दे वॉना बी' हा संग्रह निघाला. ही माणसे मर्यादाशील होती असा दावा मी करणार नाही. संग्रहातील पुष्कळ पदे उघड उघड असभ्य होती आणि स्त्रियांविषयीची त्यांतील भाषा हीन होती. कॅम्पबेललाही ते कळत होते. म्हणून त्याने वेष्टनावर इशारा छापला आणि त्याच गीतांची एक सोज्वळ आवृत्ती वेगळी काढली. येथवर ही एका प्रांताची गोष्ट होती.

१९९० च्या आरंभी जॅक थॉम्प्सन नावाच्या फ्लोरिडातील एका वकिलाने या संग्रहाविरुद्ध मोहीम उघडली. राज्याच्या गव्हर्नरास आणि ठिकठिकाणच्या पोलिस-प्रमुखांस त्याने पत्रे धाडली. मायामीच्या उत्तरेस ब्रॉवर्ड नावाचा जिल्हा आहे. तेथील शेरिफ निक नव्हारो याने हे प्रकरण हाती घेतले. मार्चमध्ये स्थानिक न्यायाधीशाने संग्रह अश्लील असण्याचा प्रथमदर्शनी संभव आहे असा आदेश दिला. त्या आदेशाच्या प्रती घेऊन शेरिफचे लोक दुकानोदुकानी गेले आणि विक्री केल्यास अटक होईल अशी तंबी त्यांनी दिली. जिल्ह्यातल्या दुकानांतून तो संग्रह नाहीसा झाला. कॅम्पबेलच्या कंपनीने शेरिफविरुद्ध संघीय न्यायालयात दावा लावला.

६ जून १९९० रोजी न्यायमूर्ती होजे गोन्झालेस यांनी निकाल दिला. त्याचे दोन भाग होते. दुकानदारांना दिलेली तंबी म्हणजे प्रकाशनापूर्वीच घातलेला बेकायदा निर्बंध होय, असे सांगून एका भागात शेरिफला दोष दिला होता. दुसऱ्या भागात संग्रह अश्लील ठरविला होता. संघीय न्यायालयाने ध्वनिमुद्रित संगीतास अश्लील ठरविण्याची अमेरिकेतील ही पहिलीच वेळ. दुसरा भाग जगभर दुमदुमला. पहिला आज केवळ वकिलांच्या स्मरणात आहे.

पुढील काही दिवसांत घटनांची रांग लागली. संग्रह विकल्याबद्दल एका दुकानदारास अटक झाली. १० जून रोजी फ्लोरिडातीलच हॉलिवूड नावाच्या गावी, केवळ प्रौढांसाठी असलेल्या कार्यक्रमात ती गाणी म्हटल्याबद्दल कॅम्पबेल आणि त्याचा एक सहकारी यांस पकडण्यात आले. दूरचित्रवाणीवर कॅम्पबेल दिसू लागला, थॉम्प्सन दिसू लागला, शेरिफ दिसू लागला. ज्यांनी मायामी बासचा एक ठोकाही कधी ऐकला नव्हता, त्यांना त्या मंडळीचे नाव तोंडपाठ झाले. जुलैमध्ये कॅम्पबेलने 'बॅन्ड इन द यू. एस. ए.' या नावाने नवा संग्रह काढला. प्रख्यात गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने आपल्या एका गाजलेल्या गीताची चाल त्याच्या शीर्षकगीतासाठी वापरू दिली आणि ॲटलांटिक या बड्या कंपनीने वितरण पत्करले. ज्या जुन्या संग्रहावर बंदी आणायची होती, त्याच्या खपाने वीस लाखांचा टप्पा ओलांडला. प्रचारासाठी कॅम्पबेलला जे द्रव्य कधीच उभे करता आले नसते, ते शत्रूंनी फुकट पुरविले.

खटल्यांचा शेवटही सांगितला पाहिजे. ऑक्टोबर १९९० मध्ये दुकानदार दोषी ठरला आणि त्यास एक हजार डॉलर दंड झाला. त्याच महिन्यात गायक मात्र निर्दोष सुटले. गायकांच्या खटल्यात एक मौजेचा प्रसंग घडला. गाण्याची फीत ऐकताना पंचांना हसू आवरेना, तेव्हा हसण्याची परवानगी आहे काय, असे त्यांनी न्यायाधीशांस विचारले आणि ती मिळाली. याच खटल्यात हेन्री लुई गेट्स या विद्वान प्राध्यापकांनी साक्ष दिली. अतिशयोक्ती, टिंगल आणि शिवराळ चढाओढ यांची कृष्णवर्णीय समाजात जुनी तोंडी परंपरा आहे, हे शब्द त्या परंपरेतले असून त्यांचा अक्षरशः अर्थ घेऊ नये, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. १९९२ साली वरिष्ठ संघीय न्यायालयाने गोन्झालेस यांचा निर्णय फिरविला. शेरिफने फीत तेवढी दाखल केली, तिच्यात कलामूल्य नाही हे सिद्ध करणारा काहीच पुरावा दिला नाही. आणि न्यायाधीशास केवळ स्वतःच्या कानांवर विसंबून तसे ठरविता येत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही.

गेट्स यांची साक्ष वाचताना मला आपला शिमगा आठवतो. होळीपुढे मारलेली बोंब आणि त्या दिवसांतले शिवराळ शब्द कोकणातला माणूस जसे ऐकतो, तसे बाहेरून आलेला माणूस ऐकेल काय? त्या बोंबेचा वीस सेकंदांचा तुकडा कापून, वर मथळा घालून कोणी दूरदेशी दाखविला, तर आपल्या गावाविषयी तेथील सभ्य गृहस्थांचे काय मत होईल? तात्पर्य, शिमग्यातले सर्वच योग्य असते असे नाही. पण त्याचा न्याय करावयाचा तर शिमगा म्हणून करावा लागतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. या प्रचंड गाजावाजाने मायामीच्या संगीताला काय दिले? सामान्यतः उत्तर येते: प्रसिद्धी. हे खरे असले तरी अर्धेच आहे. प्रसिद्धी मिळाली ती संगीताला नव्हे, खटल्याला. वर्तमानपत्रांनी शब्द मोजले. त्या तालयंत्राविषयी, मोटारींविषयी, मैदानांविषयी लिहिण्यास जागा कोणास होती? मायामीत त्या वेळी दुसरेही अनेक जण होते. दोन मुलींच्या 'लट्रिम' या जोडीने १९८८ मध्ये मोटारीतल्या घुमणाऱ्या आवाजावरच एक खेळकर, निष्पाप गाणे केले होते आणि ते नाचणाऱ्यांत चांगले गाजले होते. वादळात अशांची आठवण कोणास राहिली? मायामी बास म्हणजे अश्लील गाणी, एवढेच समीकरण देशभर रुजले. एका प्रांताचे संगीत एका मंडळीच्या एका संग्रहातील काही ओळींइतके लहान झाले.

याहून मोठी हानी दुसरीच होती. स्त्रियांचा त्या गीतांत जो अवमान होता, त्यावर गंभीर आक्षेप घेता येण्यासारखा होता. गेट्स यांनीसुद्धा त्याच सुमारास न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिताना तथाकथित अश्लीलतेपेक्षा स्त्रियांविषयीचा तुच्छभाव अधिक चिंताजनक असल्याचे सांगितले होते. किंबर्ले क्रेनशॉ या कृष्णवर्णीय कायदेपंडित स्त्रीने १९९१ मध्ये या प्रकरणावर लिहिताना दाखवून दिले की, खटला भरणाऱ्यांना कृष्णवर्णीय स्त्रीच्या प्रतिष्ठेची खरी आच नव्हती आणि बचाव करणाऱ्यांनी परंपरेच्या नावाखाली तिचे दुःख हसण्यावारी नेले. गाजावाजात बाजू दोनच असतात, बंदीची आणि स्वातंत्र्याची. ज्या व्यक्तीला तिसरे काही म्हणावयाचे असते, तिचा आवाज ढोलाखाली दडपतो. म्हणजे गाणे तर ऐकले गेले नाहीच, पण गाण्याविरुद्धचा खरा आक्षेपही ऐकला गेला नाही.

गाजावाजाचे आयुष्य किती असते, तेही पाहण्यासारखे आहे. वादळ शमले तसे वर्तमानपत्रांना नवे विषय मिळाले. मंडळी थोड्याच वर्षांत फुटली. १९९५ मध्ये कॅम्पबेलच्या कंपनीवर दिवाळखोरीची पाळी आली. मधल्या काळात, ७ मार्च १९९४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याच दुसऱ्या एका खटल्यात महत्त्वाचा निर्णय एकमताने दिला. जुन्या गीताचे विडंबन करून पैसा मिळविला, एवढ्याने ती वाङ्मयचोरी ठरत नाही, असा तो निर्णय आहे. विडंबन लिहिणाऱ्या सर्वांनी त्याचे ऋण मानावे असा तो आहे. परंतु चार वर्षांपूर्वीच्या अटकेएवढी त्याची चर्चा झाली नाही. अटकेचे छायाचित्र निघते. न्यायाच्या युक्तिवादाचे निघत नाही.

आणि तरीही मायामीचा तो खर्जाचा ठोका मेला नाही. तो कोठे गेला हे पाहिले म्हणजे कीर्तीचा दुसरा मार्ग दिसतो. ब्राझीलच्या रिओ द जानेरो शहरात गरिबांच्या वस्त्यांतून दर आठवड्यास मोठमोठे नाच भरत. तेथे तबकड्या वाजविणारी मंडळी अमेरिकेहून मायामीच्या तबकड्या मिळवून आणीत. ऐकणाऱ्यांस इंग्रजी येत नव्हते. त्यामुळे ज्या शब्दांवर फ्लोरिडात रान उठले होते, ते त्यांच्या कानांवर आघात न करताच निघून गेले. त्यांनी ठोका तेवढा घेतला आणि त्यावर आपल्या पोर्तुगीज भाषेत आपली गाणी रचली. यातून 'फंक कारिओका' नावाचे संगीत उभे राहिले. १९८८ साली एर्मानो व्हियाना या मानववंशशास्त्रज्ञाने त्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा लाखो तरुण या नाचांना जात असूनही शहराच्या सुशिक्षित भागाला त्याची फारशी वार्ता नव्हती. वृत्तपत्रांच्या मदतीवाचून एवढे पीक आले होते.

गाजावाजा तेथेही पुढे आलाच. ऑक्टोबर १९९२ मध्ये रिओच्या समुद्रकिनाऱ्यावर तरुणांच्या टोळ्यांत धुमश्चक्री झाली. ती दृश्ये दूरचित्रवाणीवर दाखविली गेली आणि 'फंक' हा शब्द गुन्हेगारीशी जोडला गेला. त्यानंतर निर्बंध आले, बंदी आली, आणि त्याबरोबर कुतूहलही आले. तथापि मायामी आणि रिओ यांत एक भेद आहे. रिओच्या संगीताची मुळे बातमीच्या पूर्वीच वस्तीवस्तीत खोल गेली होती, म्हणून बातमीचे वारे त्यास उपटू शकले नाही. सप्टेंबर २००९ मध्ये रिओ राज्याच्या विधिमंडळाने फंक ही लोकांची सांस्कृतिक आणि सांगीतिक चळवळ आहे असे कायद्याने मान्य केले. ज्यास पोलिसांनी हाकलले, त्यास कायद्याने आसन दिले. मधे सतरा वर्षे गेली.

अमेरिकेच्या दक्षिण भागालाही आपली वेळ येण्यास थांबावे लागले. ३ ऑगस्ट १९९५ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'द सोर्स'चा पारितोषिक-समारंभ होता. अटलांटा शहरातील 'आउटकास्ट' या जोडीस नवोदितांचे पारितोषिक जाहीर होताच सभागृहातील लोकांनी हुर्यो केली. त्या जोडीपैकी आंद्रे याने दक्षिणेलाही काही सांगावयाचे आहे, अशा आशयाचे एक छोटेसे वाक्य उच्चारले आणि तो व्यासपीठावरून उतरला. २००४ साली त्याच जोडीस वर्षातील सर्वोत्तम संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

हे सारे परदेशातले, आपल्याशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आता दूरचा राहिलेला नाही. मुंबईच्या वस्त्यांतून २०१४-१५ च्या सुमारास हिंदी रॅप पुढे आले. नेझी या तरुणाचे 'आफत' हे गीत आणि त्याने डिव्हाइनसह केलेले 'मेरे गली में' ही त्याची प्रारंभीची उदाहरणे होत. फेब्रुवारी २०१९ मध्ये या दोघांच्या जीवनावरून स्फूर्ती घेतलेला 'गली बॉय' हा चित्रपट आला आणि गल्लीतले रॅप हा काही काळ सर्व वृत्तपत्रांचा आवडता विषय झाला. त्याच वर्षी मुंबईच्या 'स्वदेशी' या मंडळीने आरे येथील वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन जंगल आणि जमीन यांच्या हक्कावर 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. चित्रपटाच्या मानाने ते फार थोड्यांच्या कानी गेले. वृत्तपत्रांस रॅपरची गरिबी हवी होती. त्याचे म्हणणे हवे होतेच असे नाही.

एप्रिल २०२३ मध्ये राजकारणावर मराठीतून रॅप म्हटल्याबद्दल महाराष्ट्रात दोन तरुणांवर निरनिराळ्या ठिकाणी गुन्हे नोंदले गेले. राजकीय वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. परंतु ज्यांनी मराठीत रॅप असते हेही ऐकले नव्हते, अशा कुटुंबांत ते शब्द सायंकाळच्या बातम्यांतून पोहोचले, हे सर्वांनी पाहिले. फ्लोरिडातल्या शेरिफचा धडा आपल्याकडे कोणी वाचला नव्हता.

आपल्या कायद्याच्या इतिहासात मात्र एक शहाणपणाचा धागा आहे आणि तो मराठीच्याच एका प्रकरणात सापडतो. १९६२ सालच्या 'रंभा' दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'शामा' ही कादंबरी छापून आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयांतून वर जात जात तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये लेखक निर्दोष ठरला. अश्लीलतेची कल्पना समकालीन समाजाच्या नीतिकल्पनांबरोबर बदलते आणि आक्षेप घेतलेले उतारे संपूर्ण कृतीच्या संदर्भात पाहिले पाहिजेत, ही दृष्टी त्या निकालात आहे. २०१४ साली एका अन्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुनी इंग्रजी कसोटी बाजूस सारून समाजाच्या चालू मापाची कसोटी स्पष्ट शब्दांत स्वीकारली. 'संपूर्ण कृती' हे दोन शब्द मला या साऱ्या इतिहासाचे सार वाटतात. न्यायालयास पूर्ण वाचावे लागते, कारण कायदा त्यास भाग पाडतो. बातमीला असे बंधन नाही. ते बंधन ऐकणाऱ्याने स्वतःवर घालून घ्यावयाचे असते.

महाजनांस मी हा सर्व इतिहास सांगितला नाही. त्यांच्या फोनवर त्या मुलांचे पूर्ण गाणे शोधून काढले आणि, नोटीस लिहावयाची तर कशाविरुद्ध लिहितो हे मला कळले पाहिजे, एवढेच म्हणालो. गाणे चार मिनिटांचे होते. अर्धे कोंकणीत, अर्धे मराठीत. गावामागचा डोंगर कापून तेथे घरे उठत आहेत, पावसाळ्यात माती खाली शेतात येते, तळी बुजत चालली आहे, हा त्याचा विषय. मधे एका ठिकाणी जमीन विकणाऱ्याला उद्देशून तो अपशब्द आला होता. वृत्तवाहिनीने दाखविलेले वीस सेकंद नेमके तेवढेच.

गाणे संपले. महाजन काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "शब्द वाईटच. देवळाकडे नको होता." मी मान डोलावली, कारण ते खरे होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हा डोंगर म्हणजे आमच्या कुळागराच्या वरचा तोच काय?" मी म्हणालो, "तोच असावा." ते उठले आणि मुलांस घरी बोलावून शब्दाविषयी स्वतः सांगतो, असे म्हणून गेले.

मुलांनी तो शब्द गाळला की नाही, हे मला अद्याप कळलेले नाही. वृत्तवाहिनीचे लोक पुन्हा गावात फिरकले नाहीत. डोंगराविषयी तर त्यांनी एक ओळही दिली नाही. देवस्थान समितीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर मात्र तळीचा विषय महाजनांनी स्वतःच्या नावाने घातला आहे.